तांब्याचं सिंक हाताने बनवायचं तर पत्रा कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणात गावी घर बांधणं चालू आहे. ओट्यात बसवायला तांब्याचं सिंक स्वतःच्या हाताने ठोकून करायचं आहे, आतलं माप २४ बाय १८ इंच, खोली ८ इंच. भांडीवाला म्हणतो २२ गेज पुरे (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ). एका अमेरिकन व्हिडिओत १६ गेजपेक्षा पातळ घेऊच नका असं सांगितलंय. पत्र्याच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने उलट विचारलं, 'हार्ड पाहिजे की सॉफ्ट?' शिवाय घरात आजीचा मोडका बंब पडून आहे, त्याचं तांबं वापरता येईल का? आणि शेवटी, नक्की कोणता पत्रा घेऊ?

मी पुण्यात तांबटकाम करतो. जुनी घंगाळं, बंब, आता अलीकडे बेसिन आणि सिंक. या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने येतो. गेज किती हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. सिंकला आकार कसा देणार आणि कोपरे कशाने जोडणार, हे आधी ठरवा. ते ठरलं की पत्र्याची जाडी, नरमाई आणि जात ही तिन्ही जवळजवळ आपोआप ठरतात. उलट दिशेने गेलात, म्हणजे आधी पत्रा आणला आणि मग सांध्याचा विचार केला, तर महागाचा पत्रा घरात पडून राहतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमच्याकडे आग कसली आहे? नुसता एलपीजीचा टॉर्च, की ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीन, की ओळखीत कुणी टिग वेल्डिंगवाला? ओटा ग्रॅनाइटचा आहे की कडप्प्याचा, सिंक वरून टाकणार की दगडाच्या खालून बसवणार? मदतीला दुसरा माणूस आहे का? यांच्या उत्तरांनी माझं म्हणणं थोडं इकडेतिकडे होईल. पण पहिल्यांदाच करणारा माणूस, घरचा टॉर्च आणि तुम्ही दिलेलं माप असं धरलं, तर मी १.२ मिलिमीटर जाडीचा, नरम, आणि मिळाला तर डीएचपी जातीचा, म्हणजे आतला ऑक्सिजन काढून टाकलेला, पत्रा घ्या म्हणेन. आता का ते सांगतो.

पहिल्यांदा गेजचा घोळ मिटवू. आपल्याकडे बाजारात जे गेज चालतं ते जुनं ब्रिटिश, एसडब्ल्यूजी. त्यात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१ आणि २२ म्हणजे ०.७१. अमेरिकेत तांब्या-पितळेच्या पत्र्याला बहुधा वेगळंच गेज लावतात. त्यांचं १६ म्हणजे १.२९ मिलिमीटर, त्यांचं १४ म्हणजे १.६३. म्हणजे तुमच्या व्हिडिओतला माणूस १६ म्हणतो तेव्हा तो बहुतेक आपल्या १८ च्या जवळपासचा पत्रा हातात धरून बोलतोय. त्यात भर म्हणजे तिथे छपराचं तांबं चौरस फुटाला किती औंस यावर विकतात. तिथला सोळा औंसाचा पत्रा जेमतेम ०.५५ मिलिमीटरचा असतो, आणि 'सोळा' हा आकडा ऐकून माणूस फसतो. तेव्हा दुकानात गेजचं नावच काढू नका. मिलिमीटरमध्ये मागा आणि मायक्रोमीटर किंवा व्हर्नियर खिशात ठेवा.

आता भांडीवाल्याचं २२ गेज. तो खोटं बोलत नाही, तो भांड्याचा विचार करतोय. हंडा, कळशी, घंगाळ ही सगळी गोल. कागद सपाट धरला तर लवतो, जरा वळवून धरला की ताठ उभा राहतो, तसं गोलाईमुळे पातळ पत्राही भांड्यात तग धरतो. तुमच्या सिंकला मात्र २४ बाय १८ चा सपाट तळ आहे. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० वरून १८ गेजला गेलात की जाडी एक तृतीयांशाने वाढते, पण ताठपणा जवळजवळ २.४ पट होतो. २२ आणि १८ ची तुलना केली तर फरक पाच पटींचा. हे सिंक काठोकाठ भरलं तर त्यात ५६ लिटर पाणी मावतं. वरून पाच लिटरचा कुकर आपटला जाणार, कढई घासताना तळावर सगळा जोर येणार. २२ गेजचा तळ पहिल्याच दिवाळीच्या फराळात पोचे पाडून घेईल.

मग १६ का नको? ताठ असतं, मान्य. गिऱ्हाइकाने पैसे मोजले आणि भट्टीवर दोन माणसं असली तर मी स्वतः १६ चं करतो. पण तांब्याइतकी उष्णता पसरवणारे धातू फार थोडे. एका कोपऱ्यावर ज्योत धरलीत की उष्णता सगळ्या पत्र्यात पळते आणि कोपरा काही लाल होत नाही. १.६ मिलिमीटरचा एवढा मोठा तुकडा घरगुती टॉर्चने झाळण्याच्या, म्हणजे काडी वितळवून सांधा जोडण्याच्या, तापमानाला नेणं फार जिकिरीचं होतं. १.२ मिलिमीटरला वॉटरप्रूफिंगवाले डांबरी पत्रे चिकटवायला वापरतात तो मोठा एलपीजी टॉर्च आणि भोवती फायरब्रिकचा आडोसा, एवढ्यावर काम निघतं. जोर लावून मठारायलाही, म्हणजे हातोडीचे ठोके देत पत्रा कडक करायलाही, १.२ हाताला झेपतं. २० गेज मी फक्त छोट्या वॉश बेसिनला वापरतो, तेही गोल असेल तर.

वजनाचा हिशेब आधी करा, कारण तांबं किलोवर मिळतं. एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं वजन जवळजवळ नऊ किलो भरतं, नेमकं ८.९६. तुमचं सिंक एकाच पत्र्यातून घडी घालून करायचं म्हटलं तर तळ २४ बाय १८, चारी बाजूंनी ८ इंच भिंत आणि वर दीड इंच काठ, म्हणजे आखणी ४३ बाय ३७ इंचांची. साधारण एक चौरस मीटर. १८ गेजमध्ये अकरा किलो, १६ मध्ये पंधरा. चार कोपऱ्यांचे साडेनऊ इंची चौकोन कातरून निघतात, त्यांचे अडीच किलो. ते लगेच मोडीत घालू नका, पुढे लागणार आहेत.

हीच गुणाकाराची युक्ती दुकानातही चालते. ४ बाय २ फुटांचा १८ गेजचा पत्रा ८.१ किलो भरायला हवा. काट्यावर सात किलोच भरला तर तो पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास आहे, दुकानदार काहीही म्हणो. जाता जाता लोहचुंबक लावून बघा आणि कडेला कानस मारा. आतून बाहेरून एकच लाली दिसली पाहिजे. तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा शोभेच्या वस्तूंना वापरतात, तो सिंकला कधीही नको. मात्र लक्षात घ्या, ४ बाय २ च्या पत्र्यात तुमची ४३ बाय ३७ ची आखणी बसत नाही. एक मीटर रुंदीच्या रोलमधून तुकडा कापून मिळतो का ते विचारा. नाहीच मिळाला तर दोन तुकड्यांत करावं लागेल, आणि इथेच सांध्याचा विषय येतो.

सांध्याचे तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला जुना तांबटी मार्ग. भिंतींची एक लांब पट्टी वळवून तिची टोकं जोडायची आणि तळ वेगळा कापून खाली बसवायचा. बंब असेच बनतात. जुन्या बंबाच्या उभ्या सांध्याकडे नीट बघा. एका कडेला दाते कातरलेले असतात, एक दात वर, एक दात खाली, असे दुसऱ्या कडेवर बसवून मग झाळलेले असतात. सुरेख काम आहे, पण तळाच्या भोवती सात फूट सांधा होतो आणि प्रत्येक इंच गळू शकतो. नवख्या माणसाने चौकोनी सिंकला हे करू नये असं माझं मत. दुसरा मार्ग, एकाच पत्र्यातून सांध्याशिवाय ठोकून खोल करणं. गोल बेसिनला उत्तम. आठ इंच खोल चौकोनाला मात्र कोपऱ्यात इतका पत्रा गोळा होतो की तो आवळत बसण्यात नवख्या हाताचा धीर सुटतो.

तिसरा मार्ग तुम्हाला सोयीचा. अधिकच्या चिन्हासारखी आखणी कातरायची, चारी भिंती वर घ्यायच्या आणि फक्त चार कोपऱ्यांचे उभे सांधे झाळायचे. एकूण सांधा ३२ इंच. घड्या चाकूसारख्या धारदार घालू नका. दीड इंची पाइपवर वळवा, म्हणजे आतून कोपऱ्यात बोट फिरेल, भाताची शितं अडकणार नाहीत. कोपऱ्यात नुसती कडेला कड भिडवू नका. एका भिंतीला बोटभर रुंद पदर ठेवा, तो दुसऱ्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने चढू द्या. झाळायची काडी वितळली की दोन पत्र्यांच्या फटीत स्वतःहून ओढली जाते, पण फट कागदाच्या जाडीएवढीच असेल तर. मिलिमीटरभर उघडी राहिली तर वितळलेला धातू खाली गळून जातो आणि सांधा रिकामाच राहतो. म्हणून झाळण्याआधी पदर मोगरीने (लाकडी हातोड्याने) पक्का बसवून घ्या, तांब्याच्या तारेने आवळा. गळती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी निघते, खाली जिथे तळ आणि दोन भिंती एकत्र येतात तिथे. आधी तिथे झाळा, मग वर चढत या.

आता वरचा काठ. दीड इंच बाहेर वळवलात की चारी कोपऱ्यांवर दीड इंची चौकोनी खिडक्या उघड्या पडतात. त्या बुजवायला ठिगळं लागतात, त्यासाठीच ते कातरलेले तुकडे जपून ठेवायला सांगितलं. त्याच पत्र्यातली ठिगळं असली की रंगही एकसारखा येतो. दगडाखालून बसवायचं असेल तर काठ दिसणार नाही, तेव्हा इतकी नजाकत लागत नाही. पण मग सिंकचा आणि पाण्याचा सगळा भार पेलणारी चौकट खाली हवी. नुसत्या सिलिकॉनवर टांगू नका.

काडी कोणती? एसी-फ्रिजचे मेकॅनिक तांब्याच्या नळ्या जोडायला फॉस्फरसवाली तांब्याची काडी वापरतात, तीच. तांब्याला तांबं जोडताना तिला टाकणखार किंवा दुसरं फ्लक्स लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. त्यात बिनचांदीची, दोन-पाच टक्के चांदीची आणि पंधरा टक्के चांदीची असे प्रकार मिळतात. तुम्ही पंधराची घ्या. महाग आहे, पण सांधा झाळल्यावर तुम्ही त्यावर हातोडा चालवणार आहात, आणि बिनचांदीचा सांधा ठोक्याला ठिसूळ पडतो. चांदीची दुसरी कुठली काडी दिली तर कॅडमियम नसलेलीच मागा. कॅडमियमचा धूर अत्यंत विषारी असतो. शिशाचा डाक, म्हणजे रेडिओ-टीव्हीवाले वापरतात ती ६०-४० ची तार, स्वयंपाकघरात मुळीच नको. शुद्ध कथिलाचा डाक चालतो, पण त्याला ताकद नसते. पत्रा पातळ असेल आणि कडा एकमेकींत अडकवून घडीचा सांधा केला असेल तरच तो पुरतो. सांध्यावर जाडी अवलंबून आहे असं मी म्हणतो ते यासाठीच. २२ गेजची घडी सहज पडते, १६ ची घडी हाताने पाडून बघाच. जाड पत्रा झाळावाच लागतो. ओळखीत चांगला टिगवाला असेल तर जाड पत्र्याला तो सर्वांत उत्तम, सांध्याचा रंगही तांब्यासारखाच राहतो. फॉस्फरसच्या काडीची रेघ जराशी राखाडी दिसते, मठारल्यावर आणि रंग चढल्यावर ती नजरेत भरत नाही.

दुकानदाराचा 'हार्ड की सॉफ्ट' हा प्रश्न रास्त होता. कारखान्यात रूळांतून दाबून काढलेला पत्रा कडक होतो. तो पुन्हा तापवून मऊ केला की सॉफ्ट. ओळखायला कोपरा हाताने वाकवा. सॉफ्ट वाकतो तिथेच राहतो, हार्ड उसळून मागे येतो. हातोडीने घडवायचं तर सॉफ्टच घ्या. हार्डच मिळाला तर अडलं नाही, तापवून मऊ करता येतो, फक्त तेवढा गॅस आणि वेळ जातो. मंद अंधारात पत्रा जेमतेम लालसर दिसायला लागला की पुरे. उन्हात ती लाली दिसतच नाही आणि माणूस पत्रा जाळून ठेवतो, म्हणून हे काम संध्याकाळी किंवा शेडखाली. मग पाण्यात टाकला तरी चालतो. पोलाद पाण्यात कडक होतं, तांबं होत नाही, उलट वरची काळी खपली निघून जाते. खपली उडते, डोळ्यांवर चष्मा असू द्या. उरलेला काळेपणा चिंच-मिठाने जातो. आम्ही पिढ्यान्पिढ्या तेच करत आलोय.

पण एक गंमत आहे. झाळताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो, म्हणजे तो भाग पुन्हा पूर्ण मऊ होतो. हार्ड पत्रा घेऊन ताठपणा विकत घेतला असं ज्याला वाटतं, त्याचे पैसे इथे फुकट जातात. सिंकला शेवटचा ताठपणा येतो तो मठारण्याने. झाळून झाल्यावर गोल तोंडाच्या, आरशासारख्या घासलेल्या हातोडीने, खाली लोखंडी मेख, म्हणजे टेकू, धरून, ठोक्याला ठोका लावत सगळा पृष्ठभाग फिरायचा. प्रत्येक ठोक्याखाली तांबं थोडं दबतं आणि कडक होतं. तांबटाच्या भांड्यावर ते चमकणारे पैलू दिसतात ते शोभेसाठी आहेत असं सगळ्यांना वाटतं. शोभा आहेच, पण पत्र्याचं बळ त्याच्यातच आहे. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्यागणिक पत्र्यावर छापला जातो, तेव्हा पत्र्यावर खर्च करण्याआधी हातोडी पॉलिश करून घ्या.

तळ मठारताना मात्र सांभाळून. मधेच जास्त ठोकलं की मधला पत्रा पसरतो, कडा तशाच राहतात, आणि जास्तीच्या पत्र्याला जायला जागा नसल्यामुळे तळ खाली-वर टपटप वाजायला लागतो. सपाट तळाला हा रोग हमखास जडतो. त्यावर उपाय म्हणजे तळ मुळात सपाट ठेवायचाच नाही. जाळीच्या दिशेने बोटभराचा उतार देत थोडा खोलगट करायचा. पाणीही निघून जातं आणि पत्रा एकाच बाजूला ताणून बसतो.

आता जात. विजेच्या कामाचं जे तांबं सगळीकडे मिळतं ते ईटीपी. ९९.९ टक्के शुद्ध, पण त्यात किंचित ऑक्सिजन असतो. डीएचपीमध्ये फॉस्फरस घालून तो ऑक्सिजन काढून टाकलेला असतो. थंड कामाला दोन्ही सारखीच, हाताखाली फरक कळत नाही. फरक पडतो तो आगीत. ज्योतीत गॅस जास्त आणि हवा कमी असेल तर तिच्यातला हायड्रोजन तापलेल्या तांब्यात शिरतो, आतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याची वाफ होते आणि ती वाफ कणाकणांमधून पत्रा फोडते. वरून काही दिसत नाही, वाकवायला गेलात की बारीक भेगा पडतात. वारंवार तापवायचं, ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनने झाळायचं किंवा टिग करायचं असेल तर डीएचपीच घ्या. एलपीजी टॉर्चने चारच सांधे झाळायचे असतील तर ईटीपीही निभावून जातं. ज्योतीला हवा भरपूर द्या, ती पिवळी आणि धुरकट होऊ देऊ नका, आणि एकाच जागी रेंगाळू नका. दुकानदाराला जात माहीत नसेल तर ते ईटीपी आहे असं धरून चला.

आजीच्या बंबाबद्दल विचारलंत. भावना समजते, आमच्याकडे असे बंब घेऊन पुष्कळ जण येतात. पण सिंकचा पत्रा म्हणून तो नको. वर्षानुवर्षं आतून पाण्याने आणि खालून आगीने झिजलेला असतो, एका ठिकाणी एक मिलिमीटर तर दुसऱ्या ठिकाणी निम्मा. सांध्यांवर आणि दुरुस्तीच्या ठिगळांवर शिसं-कथिलाचा डाक असतो. कल्हई किंवा डाक लागलेलं तांबं लाल तापवलं की कथील आणि शिसं तांब्यात मुरतात, तो भाग ठिसूळ होतो, खड्डे पडतात. पूर्ण खरवडून काढलं असं वाटलं तरी थोडं राहतंच. बंब दुरुस्त होण्याजोगा असेल तर दुरुस्त करून अंगणात ठेवा. अगदीच गेला असेल तर त्याचा चांगला भाग कापून सिंकच्या मागच्या भिंतीला, नळाखाली पट्टी म्हणून लावता येईल. तिथे तापवावं लागत नाही.

हे सगळं वाचून स्वयंपाकघराच्या सिंकची धास्ती वाटली, तर आधी हात बसवायला न्हाणीघरात एक गोल वॉश बेसिन करा. त्यासाठी चौकोनी पत्रा घेण्याची गरज नाही. भांडी बनवणारे जे गोल कापलेले पत्रे घेतात, बाजारात त्यांना सर्कल म्हणतात, ते घ्या. किती इंची सर्कल लागेल ते काढणं सोपं आहे. बेसिनच्या व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, अधिक खोलीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, आणि त्याची दुप्पट. १६ इंच व्यास आणि ५ इंच खोली असेल तर आठाचा वर्ग ६४, पाचाचा २५, बेरीज ८९, वर्गमूळ साडेनऊच्या आत, म्हणजे १९ इंची सर्कल. वर एक इंचाचा काठ हवा असेल तर २१ इंची घ्या. ०.९ मिलिमीटर जाडी इथे चालते. वाळूच्या पोत्यावर मोगरीने, मधून कडेकडे न जाता कडेकडून मधे ठोकत या, नाहीतर तळ पातळ होतो आणि काठ जाडच राहतो.

तुम्ही कोकणात आहात, म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. खाऱ्या हवेत तांबं लवकर काळवंडतं आणि जिथे पाणी साचून सुकतं तिथे हिरवं कळंक धरतं. त्याने पत्रा लगेच खराब होतो असं नाही, पण जाळीभोवती आणि दगडाच्या कडेला पाणी थांबू देऊ नका. दुसरं, तांब्याला लोखंड चिकटलं आणि त्यात ओल आली की लोखंड झपाट्याने गंजून खाल्लं जातं, अ‍ॅल्युमिनियम तर त्याहून लवकर. सिंकखालची चौकट लोखंडी असेल तर मधे रबराची पट्टी घाला, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे वापरा. जाळी आणि कपलिंग आधी विकत घ्या, हातात घेऊन मोजा, मगच तळाला भोक पाडा. दोन कंपन्यांची मापं एकसारखी असतीलच असं नाही, आणि तांब्यात मोठं पडलेलं भोक लहान करणं फार कटकटीचं.

कल्हईची सिंकला गरज नाही. कल्हई लागते ती शिजवायच्या आणि साठवायच्या भांड्यांना, कारण आंबट पदार्थ तांब्यात राहिला की कळकतो. सिंकमध्ये आपण आमटी साठवत नाही. मात्र लिंबाची फोड किंवा आमसूल रात्रभर पडून राहिलं तर तेवढाच गोल लखलखीत होतो आणि बाकीचं सिंक तपकिरी राहतं. हे डाग चार-आठ दिवसांत परत रंग धरतात. रोज पितांबरी लावून चमकवणार असाल तर तो रंग कधी बसणारच नाही, आणि मग प्रत्येक थेंबाचा डाग दिसेल. एकतर रोज घासा, नाहीतर अजिबात घासू नका, नुसत्या साबणाने धुवा. वरून लॅकर मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घासणीने तो ठिकठिकाणी सुटतो आणि सिंक आजारी दिसायला लागतं.

तेव्हा पत्रा घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला असं सांगा: तांब्याचा पत्रा, १.२ मिलिमीटर, सॉफ्ट, डीएचपी असेल तर तो, एक मीटर रुंद, सव्वा मीटर लांब. सव्वा मीटर यासाठी की आखणीबाहेर सहा इंच रुंदीची पट्टी उरते, आणि तीच तुम्हाला पहिल्यांदा लागणार आहे. तिचे दोन तुकडे कापा, एकाला बोटभर पदर देऊन काटकोनात झाळा, मठारा, आणि तो सांधा वाइसमध्ये धरून मोडून बघा. सांध्यात सगळीकडे काडी शिरलेली दिसली तर सिंकला हात घाला. न शिरलेली दिसली तर अजून एक तुकडा कापा, पट्टीत तेवढी जागा आहे. आणि पत्रा घरी आणताना गुंडाळून रिक्षात घालू नका. नरम पत्र्याला एकदा पडलेला पोचा पूर्ण सरळ करणं मलाही जमत नाही. प्लायवूडवर सपाट ठेवून, वर जुनी चादर टाकून टेम्पोत आणा.